जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट वापरून पाहताना: कोकणातल्या घरांसाठी आणि दुकानांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात विंडोज १० चा लॅपटॉप आहे, तो विंडोज ११ घेत नाही, आणि कोणीतरी "लिनक्स टाक" म्हणून सांगितलं आहे, अशा लोकांसाठी हे पान आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडातून जे प्रश्न सारखे येतात तेच इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे माझं म्हणणं एकच आहे. मिंट दिसायला कसं आहे यावरून काही ठरवू नका. आपलं रोजचं काम त्यावर करून बघा आणि मगच ठरवा. करून बघायला लॅपटॉपमधलं काहीही पुसावं लागत नाही.

लॅपटॉप व्यवस्थित चालतोय. मग हे सगळं कशाला?

चालतोय हे खरं. पण विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप तिथेच अडतात. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करणं दिवसेंदिवस जास्त धोक्याचं होत जाणार. असा लॅपटॉप भंगारात जावा हे मला पटत नाही. अभ्यासाला, हिशेबाला, पत्रव्यवहाराला तो अजून काही वर्षं सहज पुरेल.

लिनक्स मिंट म्हणजे नेमकं काय? आणि फुकट कसं देतात?

लिनक्सचा गाभा फिनलंडच्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. आज तो जगभरच्या सर्व्हरमध्ये आहे, आणि तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. या गाभ्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिस असं सगळं जुळवून वापरायला तयार संच केला, की त्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. २००४ मध्ये उबुंटू आलं. त्याच्या पायावर २००६ मध्ये क्लेमां लेफेव्र यांनी मिंट सुरू केलं. मुक्त परवान्यामुळे ते कोणीही वापरावं, कोणीही वाटावं, अशी मुभाच दिलेली आहे. खर्च देणग्या आणि प्रायोजक यांतून भागतो. परवान्याची चावी नाही, मुदत नाही. शेजाऱ्याला कॉपी दिलीत तर ती चोरी ठरत नाही.

उबुंटू, झोरिन ही नावंही ऐकली. मिंटच का?

दोन्ही चांगली आहेत. पण विंडोज ७ किंवा १० वर हात बसलेल्या माणसाला मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू आणि उजवीकडे घड्याळ सापडतं, त्यामुळे शोधाशोध होत नाही. सध्याची २२ ही मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेत राहील. ज्याला एकदा बसवून पुढे कामच करायचं आहे, त्याला मी मिंटच सांगतो.

माझ्या मशीनवर चालेल का?

किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. सुखाने काम करायचं तर ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा धरा. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर सिनॅमनऐवजी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ती साधी दिसते, पण हलकी आहे. प्रोसेसर ६४ बिटचा हवा.

थोडे पैसे खर्च करायची तयारी असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. तालुक्याच्या गावात कोणताही कॉम्प्युटर दुरुस्तीवाला हे करून देतो. जुन्या लॅपटॉपला सगळ्यात जास्त जीव यानेच येतो, मग वर विंडोज असो की लिनक्स.

जवळजवळ तीन जीबीची फाइल गावातून उतरवायची कशी?

फोनच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती एका दिवसात मावत नाही, आणि ब्राउझरने उतरवताना रेंज गेली तर बऱ्याचदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून मिंटच्या संकेतस्थळावरची टोरंटची, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याची, वाट धरा. टोरंट जिथे थांबला तिथून पुढे चालू होतो, आज अर्धं, उद्या अर्धं असं चालतं, आणि उतरलेला प्रत्येक तुकडा तो स्वतः तपासूनही घेतो. टोरंट म्हटलं की लोक बिचकतात. इथे तो मिंटनेच दिलेला आहे, त्यात बेकायदा काही नाही.

दुसरी सोपी वाट म्हणजे गणपतीला किंवा शिमग्याला मुंबई-पुण्याहून येणाऱ्या घरच्या माणसाला फाइल पेन ड्राइव्हवर आणायला सांगणं. मात्र फाइल मूळ संकेतस्थळावरूनच घ्यायला सांगा, आणि फाइल जशीच्या तशी आहे ना हे तपासायला सोबत दिलेली चेकसमची लांबलचक अक्षरमाला जुळवून बघायला सांगा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला होऊन काही काळ लोकांना भेसळ केलेली फाइल मिळत होती. अशी भेसळ पकडायला चेकसमची बऱ्याचदा मदत होते. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

पेन ड्राइव्ह कसा तयार करायचा?

८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा लग्नाचे फोटो वगैरे आधी काढून घ्या. विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर हा प्रोग्राम उघडा, उतरवलेली फाइल निवडा, पेन ड्राइव्ह निवडा आणि सुरू करा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर लॅपटॉप त्यावरून सुरू होणार नाही.

पेन ड्राइव्ह लावला तरी विंडोजच सुरू होतं.

लॅपटॉप सुरू करताक्षणी बूट मेनूची कळ पुन्हा पुन्हा दाबायची असते. डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असुसवर एस्केप. यादीत पेन ड्राइव्हचं नाव दिसेल, ते निवडा. पेन ड्राइव्ह दिसतच नसेल तर दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बघा. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने पोर्टमधल्या पट्ट्या खराब होतात, आणि दोष विनाकारण लिनक्सच्या माथी बसतो. तरीही अडलं तर लॅपटॉपच्या बायोस सेटिंगमधलं सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय, बंद करून पाहा. पण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज ती मागेल आणि तुम्ही अडकाल.

लाइव्हमध्ये, म्हणजे न बसवता पेन ड्राइव्हवरूनच, मिंट सुरू झालं. आता नेमकं काय बघू?

याच टप्प्यावर लोक घाई करतात. मेनू उघडतात, पार्श्वभूमीचं चित्र बदलतात, "छान आहे" म्हणतात आणि लगेच डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर क्लिक करतात. तसं करू नका. निदान एक संध्याकाळ द्या आणि स्वतःचं काम समोर घ्या.

पहिलं वायफाय. जोडलं गेलं तर उत्तम. काही लॅपटॉपांतल्या वायफाय चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो. तेव्हा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, नेट लगेच मिळतं, आणि मग मेनूतल्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये हवा तो ड्रायव्हर शोधता येतो. नंतर आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ. झाकण मिटून लॅपटॉप झोपवा आणि पुन्हा उघडा. जुन्या यंत्रांत कुरबुर असेल तर ती बऱ्याचदा इथे दिसते.

मग प्रिंटर. घरचा किंवा दुकानातला खरा प्रिंटर जोडा आणि एक पान काढा. एचपीचे बरेच प्रिंटर आणि वायफायवर चालणारे अलीकडचे बहुतेक प्रिंटर आपोआप ओळखले जातात. काही जुने लेझर प्रिंटर मात्र फार त्रास देतात. ज्याच्या झेरॉक्सच्या दुकानाचं पोट त्या प्रिंटरवर आहे, त्याने हे आधीच पाहिलेलं बरं.

शेवटी तुमच्या फाइल. आंब्याच्या हंगामाचा हिशेब एक्सेलमध्ये असेल, कोणाला किती पेट्या गेल्या, किती डझन, उचल किती, बाकी किती, तर ती फाइल लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडा. बेरजा जुळतात का, मराठी नावं नीट दिसतात का, छापल्यावर रकाने पानात बसतात का, ते बघा. साध्या सूत्रांच्या फाइल नीट चालतात. मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा, लिहिलेल्या फाइल अडखळू शकतात. होमस्टे चालवत असाल तर बुकिंगची संकेतस्थळं, व्हॉट्सअॅप वेब आणि बँकेचं पान उघडून बघा. महाभूलेखवर सातबारा काढून पाहा. हे सगळं ब्राउझरमधलं काम आहे, त्यामुळे फरक जाणवत नाही.

पेन ड्राइव्हवरून चालताना मिंट थोडं संथ असतं. लॅपटॉपवर बसवल्यावर ते याहून चपळ चालतं, तेव्हा वेगाचा निकाल इथे लावू नका.

लाइव्हमध्ये असताना माझ्या फाइल उडतील का?

आपोआप नाही. लाइव्ह मिंट रॅममध्ये चालतं. बंद करून पेन ड्राइव्ह काढला की विंडोज होतं तसंच सुरू होतं, आणि लाइव्हमध्ये केलेल्या सेटिंगही विसरल्या जातात. पण विंडोजची डिस्क लाइव्हमधून उघडता येते, आणि तिथे फाइल खोडली तर ती खरोखरच खोडली जाते. बघायला हरकत नाही, पण तिथे साफसफाई करू नका. लाइव्हमध्ये काही लिहिलंत तर बंद करण्याआधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर ठेवा.

मराठी टाइपिंगचं काय?

मराठीची तीन-चार प्रकारची सोय आहे, आणि मराठी माणसाने मिंट ठेवायचं की नाही हे बरंचसं इथेच ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ठरलेली कळमांडणी, येत असेल तर काहीही उतरवावं लागत नाही. सेटिंगमधल्या कीबोर्डमध्ये लेआउट वाढवा आणि भारतीय यादीतला मराठीचा सुधारित इनस्क्रिप्ट निवडा. इंग्रजी J च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो. N च्या कळीवर ल आणि शिफ्टसह ळ. त्यामुळे "दुसऱ्याला", "वऱ्हाड", "सुऱ्या" हे शब्द अर्धा र न मोडता लिहिता येतात. लाइव्हमध्ये हेच शब्द टाइप करून बघा.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल, तर सेटिंगमधल्या इनपुट मेथडमधून आयबस (IBus) ही टाइपिंगची सोय आणि तिचा एम१७एन (m17n) हा भाषांचा संच बसवा. त्यात मराठी फोनेटिक आणि आयट्रान्स मिळतात. फोनवरचा कीबोर्ड तुमचा शब्द ओळखून पुरा करतो, तसं इथे होत नाही, प्रत्येक अक्षर नियमानेच टाइप करावं लागतं. पहिला आठवडा जड जातो, पण नंतर शुद्धलेखन सुधारतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. टायपिंगच्या परीक्षेमुळे बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या कळमांडणीवर, बसलेली असतील तर त्याच संचात हिंदीचा रेमिंग्टन आहे. तो निवडल्यावर ळ आणि ऱ कुठे आहेत ते आधी शोधा.

मेनू मराठीत करता येतात, पण सगळं भाषांतर झालेलं नाही. काही शब्द मराठीत आणि काही इंग्रजीत दिसतील.

मालवणी लिहिता येते का?

देवनागरीच आहे, अगदी बिनधास्त लिहा. शुद्धलेखन तपासनीस चालू असेल तर "इलंय" आणि "खंय" खाली लाल रेघ येईल. शब्दावर उजवं क्लिक करून ते शब्दकोशात घाला, पुन्हा येणार नाही.

सोसायटीची जुनी इतिवृत्तं उघडली तर भलतीच अक्षरं दिसतात.

ती फाइल युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या पद्धतीने लिहिलेली आहे, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा एखाद्या फॉन्टमध्ये. त्या पद्धतीत आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि त्यांना मराठीचं रूप फॉन्ट देतो. फॉन्ट नसला की रूप जातं, मजकूर मात्र शाबूत असतो. जुन्या मशीनवरची त्या फॉन्टची फाइल मिंटमध्ये आणून उघडा आणि इन्स्टॉल दाबा, मजकूर वाचता येईल. पण तेवढ्यावर थांबू नका. महत्त्वाची कागदपत्रं फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. गावच्या देवस्थानाचे, वाचनालयाचे, सोसायटीचे कितीतरी दस्तऐवज आज एकेका फॉन्टच्या भरवशावर उभे आहेत. लिनक्स घेतलंत किंवा नाही, हे काम करायलाच हवं.

काय चालणार नाही?

टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप, ऑटोकॅड यांच्या लिनक्ससाठी आवृत्त्या नाहीत. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी वाइन नावाची सोय वापरून यातलं काही काही चालवणारे लोक आहेत, पण ज्यावर धंदा उभा आहे ते असं चालवू नये. फ्लेक्स बॅनरचं दुकान असेल, सीएकडे टॅलीची फाइल जात असेल, घरांचे नकाशे काढत असाल, तर त्या कामाच्या मशीनवर विंडोजच राहू द्या. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनाही मी तेच सांगतो. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणि डिजिटल सहीची टोकन यांचे ड्रायव्हर प्रामुख्याने विंडोजचा विचार करून केलेले असतात. केंद्राचं मशीन तसंच ठेवा, घरच्या जुन्या लॅपटॉपवर मिंट टाका.

फोटो सुधारायला गिंप आणि पत्रिका किंवा लेबलं करायला इंकस्केप आहे. नव्याने शिकणाऱ्याला ती पुरतात. कोरलवर वर्षानुवर्षं हात बसलेल्या माणसाला "तेच आहे" असं सांगणं मात्र खोटं ठरेल.

पावसात आमच्याकडे लाइट सारखी जाते. बसवताना गेली तर?

पूर्ण डिस्क पुसून मिंट बसवत असाल आणि मध्येच लाइट गेली, तर लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून पुन्हा सुरू करायचा आणि पहिल्यापासून बसवायचं. नुकसान वेळेचं होतं. खरा धोका विंडोज ठेवून त्याची जागा आक्रसताना असतो. त्या वेळी वीज गेली तर विंडोजकडच्या फाइल जाऊ शकतात. म्हणून बॅटरी पूर्ण भरा. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरवर बसा, आणि जून-जुलैतल्या वादळी दिवशी हे काम काढू नका. बसवायला साधारण अर्धा तास धरा.

रोजच्या वापरात अचानक बंद पडलं तर मिंटची फाइल व्यवस्था पुढच्या वेळी स्वतःला सावरते. अपडेट चालू असताना वीज गेली आणि नंतर मिंट नीट उघडत नसेल, तर सुरू होताना येणाऱ्या मेनूतून रिकव्हरी मोड निवडा. तिथे डीपीकेजी नावाचा पर्याय अर्धवट राहिलेलं काम पुरं करतो. आणखी एक आधार म्हणजे प्रणालीची आधीची स्थिती जपून ठेवणारं टाइमशिफ्ट. मिंट बसवल्यावर पहिल्याच दिवशी ते सुरू करा. बिघाड झाला तर प्रणाली कालच्या स्थितीला नेता येते.

पण टाइमशिफ्ट फक्त प्रणाली जपतं. तुमचे फोटो आणि हिशेब त्यात धरलेले नसतात. त्यांची वेगळी कॉपी हवी, आणि ती त्याच घरात असून भागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानातला कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्या खणातली बॅकअपची डिस्क, दोन्ही एकाच पाण्याखाली जाणार हे उघड होतं. एक कॉपी नातेवाइकांकडे किंवा ऑनलाइन ठेवा. गडगडायला लागलं की चार्जर आणि ब्रॉडबँडची केबल दोन्ही काढा.

विंडोज ठेवून बाजूला मिंट बसवता येतं का?

येतं, आणि इन्स्टॉलर तसा पर्याय स्वतःच दाखवतो. आधी सगळ्या फाइलची कॉपी करा, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकरची की जवळ ठेवा. डिस्क १२८ जीबीची असेल तर मी हे सुचवत नाही, दोघांचीही कोंडी होते.

दोन्ही बसवल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जातं. बिघाड आहे का?

नाही. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून दाखवतं. आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला मिंटला एका आज्ञेने सांगता येतं.

व्हायरसची भीती नाही म्हणतात, खरं का?

बरीच कमी आहे. विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस इथे चालत नाहीत, आणि प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतले तर भेसळीचा धोका कमी राहतो. पण "वीजबिल थकलं आहे, आज रात्री कनेक्शन तोडणार" असा मेसेज पाठवून ओटीपी काढून घेणाऱ्याला तुम्ही कुठली प्रणाली वापरता याने काही फरक पडत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे स्पष्ट सांगा.

आई-बाबांना जमेल का? शिकायचं कुठे?

ब्राउझर, व्हिडिओ कॉल, फोटो, पत्र एवढ्या वापराला त्यांना फार तर दोन दिवस लागतात. त्यांच्या नेहमीच्या चार गोष्टींची चिन्हं डेस्कटॉपवर ठेवा आणि अक्षरं मोठी करा. मिंटमधल्या वेब अॅप्सने व्हॉट्सअॅप वेबचं वेगळं चिन्ह करता येतं. नीट शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही आहेत. केरळच्या सरकारी शाळांत मुलं अनेक वर्षांपासून लिनक्सवरच शिकत आहेत, तेव्हा हे पोरांना जड जाईल ही शंका मनातून काढून टाका.

सुरुवात कधी करावी?

तुमच्या धंद्याच्या गर्दीत करू नका. बागायतदाराने एप्रिल-मेमध्ये आणि दुकानदाराने गणपतीच्या तोंडावर यात हात घालू नये. दिवाळीनंतरचे दिवस चांगले. वीज बरी असते, हवा कोरडी असते आणि पर्यटकांची डिसेंबरची गर्दी अजून यायची असते.

नाही पटलं तर परत विंडोजवर जाता येतं का?

येतं, पण त्याची तयारी मिंट बसवण्याआधी करायची. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज बसवण्याचा पेन ड्राइव्ह करून ठेवा आणि त्यावर नावाची चिठ्ठी लावा. लॅपटॉपसोबत विंडोज आलेलं असेल, तर त्याचा परवाना सहसा यंत्राशीच जोडलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा बसवून नेटला जोडलं की ती आपोआप ओळखली जाते. मिंटमधल्या तुमच्या फाइल आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण विंडोज बसवताना ती डिस्क पुसली जाईल.